मंत्री बेर्तलो आणि पाड्यावरची विहीर

प्रिय दीपिका,

फोन करायचा नाही अशी तुझी ताकीद आहे आणि ती मी पाळतोय. पत्राबद्दल मात्र तू काही बोलली नव्हतीस. तुझा भाऊ धीरज आज सामान घ्यायला बोईसरला आलाय, परत जाताना तो हे वाणगावला तुझ्या हातात देईल. वाचायचं की मिरच्यांच्या टोपलीखाली सरकवायचं, ते तू ठरव. पण मी तुला ओळखतो. तू वाचशीलच, आणि वाचता वाचता माझ्या चुकाही काढशील. तुझ्या आयेला माझा नमस्कार सांग. जावयाने पोरीला परत न्यायला स्वतः यायला हवं होतं असं ती म्हणेल, तर तिला सांग की जावयाला बंदी आहे.

गेल्या बुधवारी तू दारात उभी राहून म्हणालीस, "तुझ्या बेर्तलोनेसुद्धा राजीनामा दिला होता आणि तो मुकाट्याने आपल्या प्रयोगशाळेत गेला. मग मी गेले तर काय बिघडलं?" आणि पिशवी उचलून रिक्षात बसलीस. मला तोंड उघडायलाही वेळ दिला नाहीस. इतकी वर्षं त्या माणसाचं चरित्र लिहितोय मी, आणि भांडणात त्याला तू वापरलंस, तेही अर्धंच! वकील असतो तर मी हरकत घेतली असती. नवरा आहे म्हणून पत्र लिहितोय.

हा माणूस आपल्या घरात आला कसा, आठवतंय? पालघरच्या कॉलेजात तू रसायनशास्त्र शिकत होतीस, मी इतिहास. इतिहास म्हणजे मेलेल्या माणसांच्या चहाड्या असं तुझं मत, आणि रसायनशास्त्र म्हणजे नाकाला रुमाल असं माझं. मग वाचनालयातल्या एका जुन्या कोशात मला मार्सेलँ बेर्तलो सापडला. एकोणिसाव्या शतकातला मोठा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ, आणि पुढे फ्रान्सचा शिक्षणमंत्री आणि परराष्ट्रमंत्री. अर्धा तुझा, अर्धा माझा. मला एवढा आनंद झाला की मी तो कोश काखेत मारून तुला शोधत सुटलो आणि ग्रंथपालांच्या शिव्या खाल्ल्या. शिरगावच्या किल्ल्यावर पहिल्यांदा आपण दोघंच गेलो तेव्हाही मी तुला त्याच्याबद्दलच सांगत होतो, कारण दुसरं काही बोलायची हिंमत नव्हती. लग्नानंतर तू त्याला आपली फ्रेंच सवत म्हणायला लागलीस. शिक्षकांच्या खोलीत अजून माझी थट्टा चालते, की तारापूरच्या अणुकेंद्राच्या शेजारी राहून अणू न मानणाऱ्या माणसाचं चरित्र लिहिणारा हा जगातला एकटाच मास्तर.

तर आधी त्याचं राजकारण नीट ऐक, मग राजीनाम्याचं बोलू. पॅरिसमधल्या एका डॉक्टरचा हा मुलगा. मुंगीच्या डंखात असतं ते आम्ल त्याने कुठल्याही मुंगीला त्रास न देता काचेच्या भांड्यात बनवलं. सजीवांच्या देहात बनणारे पदार्थ माणसाला बनवता येत नाहीत, ही जुनी समजूत मोडणाऱ्यांत तो पुढे होता. त्याला राजकारणाची हौस नव्हती. १८७० साली जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला तेव्हा शहराच्या बचावासाठी शास्त्रज्ञांची एक समिती नेमली गेली आणि हा तिचा प्रमुख झाला. प्रयोगशाळेतला माणूस पहिल्यांदा चौकात आला तो असा. पुढे तो सिनेटमध्ये गेला, तहहयात सभासद म्हणून. १८८६च्या डिसेंबरात शिक्षणमंत्री झाला आणि पुढच्या मे महिन्यात अख्खं मंत्रिमंडळच पडलं. झालं, मंत्रिपद गेलं. हा परत आपल्या बाटल्यांकडे. मग सत्तरीला टेकला असताना त्याला परराष्ट्र खातं दिलं. तिथे त्याचं जमलं नाही. काही महिन्यांत त्याने राजीनामा दिला. इथपर्यंत तुझं बरोबर आहे.

पण ह्या गोष्टीतलं तू गाळलंस ते असं. त्याला मंत्री केलं होतं पंतप्रधानाने. ज्याने खुर्ची दिली त्याला ती परत करून तो मोकळा झाला, त्यात कुणाचा विश्वास मोडला नाही. आणि सिनेट त्याने सोडलं नाही, मरेपर्यंत सोडलं नाही. तुला कुणी नेमलं, दीपिका? आपल्या गावातल्या बायांनी मजुरीचा दिवस बुडवून, रांगेत उभं राहून तुला सरपंच म्हणून मत दिलं. ते परत करायचं तर कुणाच्या हातात करणार? पंचायत समितीत जाऊन कागद दिलास की कायद्याने सुटलीस, पण मी इतिहासाचा मास्तर आहे, मला कायद्याने सुटलेली पुष्कळ माणसं माहीत आहेत.

आता त्याच्या चुकीचं सांगतो, कारण तुझी गोष्ट खरी तिथे जुळते. बेर्तलो अणू मानत नव्हता. डोळ्यांना दिसत नाही ते मी का मानू, असा त्याचा रोख. एकट्या शास्त्रज्ञाने असं म्हटलं तर फार बिघडत नाही. पण हा शिक्षण खात्यातला वजनदार माणूस, त्यात मंत्री. फ्रान्सच्या वर्गांत अणूंची नवी चिन्हं यायला जो उशीर झाला त्यात ह्याच्या हट्टाचा वाटा होता, असं इतिहासकार सांगतात. म्हातारपणी, फारसा गाजावाजा न करता, तो स्वतःही नव्या पद्धतीने लिहायला लागला. तोवर अर्धं आयुष्य गेलं होतं. हुशार माणूस खुर्चीवर बसला की त्याची चूकही खुर्चीवर बसते, एवढंच मला म्हणायचंय. आणि तुझी चूक झाली, हे मी तुझा नवरा असलो तरी म्हणतोच.

पाड्यावरच्या विहिरीच्या पाण्याचा तुझा अहवाल चुकीचा नव्हता. त्या पाण्यात जे आहे ते कुठून आलं हे अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण ते अंगाला लागू नये हे तू स्वतः नमुने घेऊन, दोनदा बाहेरून तपासून सिद्ध केलंस. त्याआधी दोन उन्हाळे जिल्हा परिषदेच्या खेपा घालून पाड्यावर नळ आणलास. कारखान्यातल्या प्रयोगशाळेची ड्युटी संपवून, अंगाला तो वास असतानाच तू साहेबांच्या दारात बसायचीस. नळाला पहिलं पाणी आलं तेव्हा तू कडेला उभी राहून ते किती गढूळ आहे ते बघत होतीस आणि मी तुझ्याकडे बघत होतो. मला तुझा अभिमान वाटतो हे मी तुला तोंडावर कधी सांगितलेलं नाही. तू लगेच म्हणतेस, "काय हवंय?" म्हणून इथे लिहून ठेवतो. मला तुझा फार अभिमान वाटतो, आणि मला काही नकोय.

पण विहिरीवर लोखंडी जाळी टाकून तू तिला कुलूप लावलंस ते नेमकं लग्नसराईच्या तोंडावर. आपल्या पाड्याची रीत तुला माहीत होती. नवरा असो की नवरी, हळदीच्या न्हाणाचं पाणी त्याच विहिरीचं. लग्न लावणारी धवलेरी म्हणून चिमीआजी पुढे गाणं म्हणत चालणार, मागे सवासिणी डोक्यावर घागरी घेऊन. माझं स्वतःचं न्हाण त्याच पाण्याचं आहे. तुला विसर पडला नव्हता, पण हातात अहवाल आला की तुला दुसरं काही दिसत नाही. तुझ्या लेखी ती विहीर म्हणजे एक नमुना होता, आणि चिमीआजीच्या लेखी ती घरातली मोठी बाई. तिला न विचारता कोंडली, ह्याचा राग आला लोकांना. पाणी पिऊ नका म्हणालीस तेव्हा एकानेही हरकत घेतली नव्हती. चिमीआजी तर ग्रामपंचायतीच्या दारात येऊन म्हणाली होती, "पानी वाईट हाय तं नाय पिनार आमी. पन इहीर आमची हाय ना?" त्यावर तू तिला पाण्यातल्या धातूंचं प्रमाण सांगितलंस. पोरी, काय तू!

उपसरपंच सुजीतला हेच हवं होतं. सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही म्हणून तो गप्प होता, नाहीतर कधीच आणला असता. विहीर बाटवली, देवी कोंडली, असं घरोघर सांगून त्याने सदस्यांच्या सह्या जमवल्या, ठराव मंजूर करून घेतला. आता गुरुवारी ग्रामसभेत गावाचं मतदान. तू म्हणालीस, गावाने मला काढण्याआधी मीच जाते, निदान मान राहील. आता सांगतो त्यात माझं मत कमी आणि बातमी जास्त आहे, कारण तू गेल्यावर इथे जे झालं ते तुला अजून कुणी सांगितलेलं नसणार.

रविवारी जिवल्याच्या पोरीची, सपनाची हळद होती. मांडव घातलेला, भिंतीवर लग्नाचा चौक लिहून झालेला, आणि पाण्याची वेळ झाली तशी चिमीआजी अडून बसली. विहिरीचं पाणी नाही तर मी लग्नाचं धवल गाणार नाही. धवलेरी गप्प तर लग्न कसं लागणार? जिवल्या बिचारा घाम पुसत होता. सुजीतला तर सणच झाला. तो कुठून तरी घण घेऊन आला आणि म्हणाला, चला, मीच कुलूप तोडतो, सरपंचबाईंनी लग्न अडवलं पण उपसरपंच अडवणार नाही. माणसं त्याच्या मागे उठलीदेखील. मी पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात आतून सपना बाहेर आली. नवरीने आतच बसायचं असतं. ती अंगाला हळद, कपाळाला मुंडावळी अशी ओट्यावर येऊन उभी राहिली आणि आजीकडे बघून म्हणाली, "मी त्या पान्यान न्हानार नाय. ते पानी मी सोता बाटलीत भरलाय. दीपिकाताईन माना दाखवलाय त्यात काय हाय ते."

तुला आठवत असेल, नमुने घ्यायला तू बारावीच्या मुलींना बरोबर नेलं होतंस. तेव्हा मी म्हणालो होतो की कशाला त्यांना उन्हात फिरवतेस.

चिमीआजीसमोर नवरीने असं बोलल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. सुजीत घण हातात धरून तसाच. मला वाटलं, आजी आता उठून चालती होणार. मग ती म्हणाली, "नवरी म्हनंल तसा. पन इहिरीला ईचारायला लागंल." आणि उठली. पुढे ती, मागे रिकाम्या घागरी घेतलेल्या सवासिणी. विहिरीपाशी जाऊन तिने तुझ्या जाळीवर कुंकू वाहिलं, तांदूळ टाकले, आणि गाऊन गाऊन विहिरीची समजूत घातली. आये, तुला बरं नाही, तू झोप, तुझ्या लेकी दुसरीकडून पाणी आणतात, रागावू नको. असंच काहीसं होतं ते. तिथल्या तिथे जुळवलं तिने. मग सगळ्या जणी नळावर गेल्या, घागरी भरल्या, येताना विहिरीला फेरा घालून मांडवात आल्या. सपना त्या पाण्याने न्हाली. सुजीत घण कुठे ठेवावा ह्या विचारात मांडवाच्या टोकाला उभा होता. शेवटी जिवल्याने तोच घेऊन मांडवाची एक ढिली मेढ ठोकली.

हट्ट सोडायला बेर्तलोला अर्धं आयुष्य लागलं, ते चिमीआजीने चौक वाळायच्या आत केलं. आणि तुझं जे राहिलं होतं तेही तिने केलं, विहिरीला विचारण्याचं. कुलूप तुझंच आहे, अजून तसंच आहे. लोक आता त्याला हात जोडून पुढे जातात.

चरित्राचं शेवटचं प्रकरण मी परवा पूर्ण केलं. बेर्तलोची बायको सोफी आजारी पडून गेली आणि त्याच दिवशी तोही गेला. १९०७ सालची गोष्ट. पॅरिसमध्ये राष्ट्रातल्या थोरांना जिथे पुरतात तिथे त्याला न्यायचं ठरलं, पण मुलं म्हणाली, दोघांना वेगळं करायचं नाही. म्हणून तीही तिथे गेली. त्या जागेत मान मिळालेली पहिली बाई, पण मिळाला तो त्याची बायको म्हणून. आपल्याकडे उलटं चालतं ना. निवडून आलीस तू, आणि दोन वर्षं लोक मलाच सरपंच म्हणून हाक मारतात. कुंभवलीच्या एका लग्नपत्रिकेत तर प्रमुख पाहुणे म्हणून माझंच नाव, तुझं खाली 'सौ.' लावून. कुणाला दाखला हवा, कुणाच्या बांधाचं भांडण, सगळे मलाच वाटेत गाठून सांगतात, म्हणजे मी घरी जाऊन तुला सांगायचं. मी दर वेळी म्हणतो, तिलाच सांगा. ते हसतात आणि मलाच सांगतात. ही सवय मोडायची नाही असं मी धरून चाललो होतो.

आता हे पत्र का लिहितोय ते ऐक. आज सकाळी चिमीआजी आली, जिवल्याची बायको मंदा आणि वरच्या पाड्यावरच्या आणखी बाया घेऊन. ओटीवर बसल्या. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, दीपिका वाणगावला आहे, काय काम ते मला सांगा, मी तिच्या कानावर घालतो. आजीने मान हलवली. "तुला नाय सांगायचा. सरपंच ती हाय." मी म्हटलं, अगं पण ती राजीनामा द्यायचं म्हणतेय. तेव्हा ती म्हणाली, "द्यायचा तं दे म्हनाव, पन आदी आमचा ऐकून जा." गुरुवारी मत कुठल्या बाजूने देणार, हे मी अगदी सहज विचारून पाहिलं. तेही मला सांगितलं नाही. काम काय आहे ह्याचा मला अजून पत्ता नाही. मी चहा दिला, तो प्यायल्या, पुन्हा तशाच बसल्या आहेत. मी आतल्या खोलीत हे लिहितोय, धीरज बाहेर गाडी चालू ठेवून उभा आहे, आणि ओटीवरून मघाशी कुणीतरी विचारलं की मास्तर, पत्रात लिहिलं का, की आमी वाट बघतोय. लिहिलं म्हणालो. दीपिका, माझ्या घरात माझ्याच ओटीवर मला कुणी विचारत नाही, आणि इतका आनंद मला आयुष्यात झाला नाही.

तुझाच,
प्रफुल्ल